शून्य आलं की दुधाचा थेंब

दादा, काल सकाळी तीन नंबरच्या टाकीचं रीडिंग शून्य आलं आणि माझा हात सवयीनं फोनकडे गेला. तुझं नाव काढलं, अंगठा बटणावर नेला, आणि मग आठवलं. फोन टेबलावर उपडा ठेवला आणि लॅबमधल्या पोरींना म्हटलं, मी जरा हात धुऊन येते. हात स्वच्छच होते. बेसिनपाशी नळ सोडून नुसतीच उभी राहिले. तू असतास तर पहिलं त्या वाहत्या नळावरून बोलला असतास.

तुझं पुण्यानुमोदन होऊन आठवडाही झाला नाही. शिरूरच्या घरापुढं मांडव घातला होता. बुद्धवंदना झाली, मग शाळेतले शिक्षक बोलले, जुने विद्यार्थी बोलले. कुणी म्हणालं सर शिस्तीचे होते, कुणी म्हणालं सर फार मनमिळाऊ होते. दादा, तू आणि मनमिळाऊ? माझ्या लग्नात आचारी भज्यांच्या पिठात मूठभर सोडा टाकताना दिसला तर तू मांडव सोडून त्याच्याशी वाद घालायला गेलास, आणि नवरी मुलगी तुला शोधत बसली. मला उठून सांगायचं होतं की माझा भाऊ एक नंबरचा भांडखोर होता आणि त्याच्याशी भांडण्यात माझं निम्मं आयुष्य सुखात गेलं. पण माइक हातात आला तेव्हा तो तसाच शेजारी दिला. पांढऱ्या साडीचा पदर तोंडाला लावून खाली बसले. तेव्हा राहिलं ते आता लिहितेय.

आपलं भांडण सुरू झालं काजव्यावरून. घोड नदीच्या कडेला, आपल्या मळ्याच्या बांधावर, ज्येष्ठात हवा दमट झाली की दिवेलागणीला काजवे निघायचे. फार नाहीत, आपला मुलूखच कोरडा, पण निघायचे. वस्तीवरच्या पोरींचा एक खेळ होता. काजवा पकडायचा, बोटानं चिरडायचा आणि कपाळाला लावायचा. चमकती टिकली. मीही लावली आणि तुला दाखवायला पळत आले. तू सदऱ्याच्या बाहीनं माझं कपाळ खसाखसा पुसलंस, इतकं की लाल झालं.

"मेलाय त्यो," तू म्हणालास.

"मग उजिड कसा पडतोय?" मी म्हणाले.

तुला उत्तर आलं नाही. मी रडेन असं आईला वाटलं होतं, पण रडलास तू. काजवा मेला म्हणून, की माझ्यासारख्या चिमुरडीला उत्तर देता आलं नाही म्हणून, हे मी नंतर कितीदा विचारलं. प्रत्येक वेळी तू विषय बदललास.

पुण्याला बीएस्सीला होतास तेव्हा एका सुट्टीत आलास आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणालास, शोभे, सापडलं. काय सापडलं हे मला कळायला वेळ लागला, कारण मी तो प्रश्न केव्हाच विसरले होते. तू विसरला नव्हतास. चुलीपाशी बसून तू मला काजव्याच्या शेपटीतलं लग्न लावून दाखवलंस. नवरा म्हणजे ल्युसिफेरिन, साधासुधा, एकटा असताना काही चमक नाही. त्याला आधी एटीपी भेटतं. एटीपी म्हणजे जिवंत पेशीची शिदोरी, जो जो जीव आहे त्याच्या पेशीत ती असतेच. शिदोरी मिळाली की नवरा तयार. मग नवरी येते, म्हणजे ऑक्सिजन, दोघांचं जुळतं, आणि जे नवीन तयार होतं त्याच्या अंगात इतका जोर असतो की तो न मावून उजेड होऊन बाहेर पडतो. उष्णता जवळजवळ नाहीच. थंड उजेड.

हे सगळं जुळवून आणणारा मध्यस्थ म्हणजे ल्युसिफेरेज नावाचं विकर, एन्झाइम. तो स्वतः खर्ची पडत नाही, एक लग्न लावलं की दुसऱ्याला मोकळा. "फक्त ह्या मध्यस्थाची एक खोड हाय," तू म्हणालास. लग्न लागलं तरी तो नवरा-नवरीला लवकर सोडत नाही, धरून बसतो. त्यामुळं नवीन लग्नं रखडतात आणि उजेड उतरत जातो. आई भाकरी थापता थापता म्हणाली, मग तुझ्या थोरल्या मामावानीच की. त्या दिवशी आपण पोट धरून हसलो.

आणि माझ्या प्रश्नाचं उत्तरही दिलंस. चिरडलेल्या काजव्याच्या अंगात नवराही असतो, शिदोरीही असते, मध्यस्थही शाबूत असतो. हवेतला ऑक्सिजन मिळाला की ती लग्नं लागत राहतात. काजवा गेला तरी त्याचं रसायन काही वेळ चालूच असतं. "उजिड दिसतोय म्हणून त्यो जिता हाय असं न्हाई," तू म्हणालास, आणि इतका खूश झालास की मला तुझी थट्टा करायचीही इच्छा झाली नाही.

पुढं तुला एमएस्सीला बायोकेमिस्ट्री मिळाली होती. त्याच उन्हाळ्यात आबांच्या अंगावरून वारं गेलं, घरचा कर्ता पुरुषच अंथरुणाला खिळला. तू परत आलास, शिरूरच्या शाळेत लागलास. मग मी पुण्याला शिकायला गेले, तुझ्याच कॉलेजात, तुझ्याच काही पुस्तकांवर. मी विचारलं होतं, दादा, तुला वाईट नाही वाटत? तू म्हणालास, मला पोरांना शिकवायलाच आवडतं. मी ते मानलं, कारण मानणं सोयीचं होतं आणि तू शिकवायचासही जीव ओतून. पण अलीकडं, तू गेल्यापासून, मला त्या वाक्याची खात्री वाटत नाही. ते खरं होतं की तेही तुझं नेहमीचं 'बरा हाय' होतं, हे आता मला कोण सांगणार?

तू एकदा काजव्याच्या लुकलुकण्याचं सांगितलं होतंस. दिवा पेशींच्या आत खोल असतो आणि वाटेवरची पेशीचीच इंजिनं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, आलेला सगळा ऑक्सिजन आधीच खाऊन टाकतात. लुकलुकायचं असेल तेव्हा मज्जातंतूचा इशारा मिळतो, एक वायू तयार होतो आणि ती इंजिनं क्षणभर थांबतात. तेवढ्या वेळात ऑक्सिजन आत दिव्यापर्यंत पोचतो. याबद्दल अजून सगळ्यांचं एकमत नाही, हेही तू सांगितलंस, कारण तुला अर्धवट सांगितलेलं चालायचं नाही. मी म्हणाले, म्हणजे वाटेवरच्यांनी आपला श्वास रोखला तेव्हा आतला दिवा लागला. तू म्हणालास, व्हय, पण क्षणभरच. तेव्हा मला बोलायचं होतं, दादा, की तू माझ्यासाठी श्वास रोखलास तो काही क्षणभर नव्हता. तेवढ्यात कुणीतरी चहा आणला. आपल्याकडं महत्त्वाचं बोलायची वेळ आली की नेमका चहा येतो.

मग मी इथं दौंडला आले, ह्यांच्या रेल्वेच्या नोकरीमुळं. तालुक्यातल्या दूध प्रकल्पात लॅबला लागले. फॅट, एसएनएफ, भेसळ, असलं रोजचं काम. आणि एक दिवस लॅबमध्ये काजवा आला. हातात मावेल एवढं यंत्र, आणि सोबत कापसाच्या काड्या. टाकी धुतली की आतल्या पत्र्यावरून काडी फिरवायची, नळीत घालून मोडायची, हलवायची आणि यंत्रात ठेवायची. नळीत ल्युसिफेरिन आणि ल्युसिफेरेज तयार ठेवलेलं. काडीवर शिदोरी आली असेल, म्हणजे कसलाही जिवाचा अंश आला असेल, तर आत उजेड पडतो आणि यंत्र तो मोजून आकडा दाखवतं. आकडा मोठा, टाकी घाण. मी यंत्राचं पुस्तक वाचलं आणि लॅबमध्येच मोठ्यानं म्हणाले, अरे, हा तर आमच्या दादाचा काजवा. तेव्हापासून प्रकल्पात त्याला सगळे काजवाच म्हणतात. पाटण्याकडची पोरंसुद्धा विचारतात, मॅडम, काजवा लगाया क्या?

त्याच रविवारी तू शिरूरहून न्हावऱ्यावरून मोटरसायकल हाकत आलास, नुसतं त्याचं ऐकायला. मी मासवडी केली होती. तू चार वड्या हाणल्यास आणि म्हणालास, आमच्या घरी अशी होत नाही. हे वाक्य तू वहिनींपुढं कधी बोलणार नाहीस हे मला माहीत होतं, म्हणून मीच नंतर फोन करून त्यांना सांगितलं. वहिनी फणकारल्या. तुमच्या वडीत सारण कमी आणि पीठ जास्त, वन्सं, असं त्यांनी मला ऐकवलं, आणि हे भांडणही पुढं कायमचं चालू राहिलं.

पण त्या दिवशी खरा वाद झाला माझ्या एका वाक्यावरून. मी म्हणाले, हे यंत्र जंतू मोजतं. विकणाऱ्या माणसानं तसंच सांगितलं होतं. तू हातातली वडी ताटात ठेवलीस. जंतू मोजत न्हाई, एटीपी मोजतं, म्हणालास. दुधाचा डाग असला तरी उजेड, मेलेल्या पेशीचा अंश असला तरी उजेड. जिवंत जंतूच आहे असं त्यावरून म्हणता येत नाही. मी म्हणाले, मला काय करायचंय? दुधाचा डाग राहिला तर उद्या त्यावर जंतूच होणार. आकडा मोठा आला की टाकी परत धुवायची, माझं काम झालं. तू म्हणालास, चुकीचं बोलून बरोबर काम केलं तरी चुकीचं ते चुकीचंच. मी म्हणाले, ते तुझ्या वर्गात.

हा वाद वर्षानुवर्षं चालला. माझं काम बघता माझं बरोबर होतं आणि शब्द बघता तुझं. दोघांनाही ते माहीत होतं, पण मिटवून टाकण्यात काही मजा नव्हती. तुला छेडायचं असेल की मी नुसतं म्हणायचे, आज आमच्या यंत्रानं लय जंतू मोजले. फोनवरून तुझा आवाज असा चढायचा की ह्यांना स्वयंपाकघरातून ऐकू यायचा. हे म्हणायचे, लागला तुझ्या भावाचा दिवा. ते नळीतलं विकर हल्ली काजवे मारून काढत नाहीत, जंतूंच्या पोटात काजव्याचं जनुक घालून त्यांच्याकडून करवून घेतात, हे तू सांगितलंस तेव्हा मी म्हणाले, बघ, जंतूच जंतू पकडतायत. तू फोन आपटलास आणि लगेच परत केलास, कारण तुला उत्तर सुचलं होतं.

आणि मग ती शून्याची गोष्ट. तपासणीला बाहेरचे लोक येणार होते. सगळा प्रकल्प घासूनपुसून लख्ख. टाकी कॉस्टिकनं धुतली, शेवटी जंतुनाशक फिरवलं. काजवा लावला तर शून्य. दुसऱ्या टाकीला शून्य, पाइपांना शून्य. एवढी शून्यं आम्ही कधी बघितली नव्हती. पोरं नाचायला लागली, मॅडम, सब जीरो. मॅनेजरनं पेढे मागवले. मी तुला आनंदानं फोन केला. तू मधली सुट्टी सोडून माझ्याशी बोललास, मागं पोरांचा कालवा चालू होता.

"शून्य?" तू म्हणालास. "शोभे, धुतलेल्या ताटालाबी कायतरी येतंच की. शून्य कसं येईल?"

मी म्हणाले, आम्ही तुमच्यापेक्षा बरं धुतो. तू हसला नाहीस. पत्र्यावर शेवटी काय फिरवलं, विचारलंस. मी सांगितलं, क्लोरीनचं जंतुनाशक. वरून साधं पाणी मारलं का? घाई होती, पाणी मारलं नव्हतं, पत्रा ओलाच होता. काडी त्याच ओल्या पत्र्यावरून फिरली होती.

"मग तुझा काजवाच मेलाय," तू म्हणालास. "क्लोरीननं मध्यस्थाला मारलं. आता समोर कितीबी शिदोरी ठेव, उजिड पडायचा न्हाई. अंधार हाय म्हंजी घाण न्हाई, असं धरून बसू नगं."

मी म्हणाले, मग बघायचं कसं? तुला विचार करायला वेळ लागला नाही. म्हणालास, त्याच काडीवर कच्च्या दुधाचा थेंब टाक. त्यात शिदोरी भरपूर. काजवा जिता असला तर चमकलाच पाहिजे. नाही चमकला तर शून्य खोटं. मी फोन कानाला तसाच धरून थेंब टाकला. आकडा शून्यच राहिला. पत्र्यावर साधं पाणी मारून नवी काडी फिरवली तेव्हा एका टाकीचा आकडा असा उसळला की मॅनेजरनं पेढा तोंडातून काढून कागदात गुंडाळला. तपासणीच्या आधी सगळं परत धुतलं. मला राग आला होता, लाजही वाटली होती, आणि तुझा अभिमान वाटला होता. तो अभिमान तेवढा मी कधी बोलून दाखवला नाही.

तेव्हापासून आमच्या लॅबचा हा नियमच आहे. शून्य आलं की दुधाचा थेंब. नव्या पोरींना मी पहिल्याच दिवशी हेच शिकवते. यंत्राच्या पुस्तकात असली तपासणी वेगळ्या शब्दांत आहे, पण आमच्यात तिला दादाचा थेंब म्हणतात. हे तुला मी सांगितलं होतं का रे? मला आठवत नाही. सांगितलं असेन असं धरून चालले होते.

दादा, आता जे लिहायचंय ते लिहायला बसले की उठून जाते. कणीक मळते, बाहेर कॉलनीच्या रस्त्यावर एक फेरी मारते, परत येते.

गेलं वर्षभर तू आला नाहीस. मोटरसायकल चालवत नाही म्हणालास, कंबर धरते. मी रोज संध्याकाळी फोन करायचे. कसा आहेस? बरा हाय. जेवलास? व्हय. बास. तू नेहमीच फोनवर कमी बोलायचास, म्हणून मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. तुझं हृदय थकत चाललं होतं, डॉक्टरांनी तुला सगळं सांगितलं होतं, आणि तू वहिनींना शपथ घातली होतीस की शोभाला कळता कामा नये. ती ड्यूटी सोडून पळत येईल आणि रडत बसेल. हे मला वहिनींनी तू गेल्यावर सांगितलं. त्यांच्यावर रागावायचा मी प्रयत्न केला. जमला नाही, त्यांनी वर्षभर एकटीनं ते ओझं वाहिलं होतं.

रोज शून्य, दादा. वर्षभर रोज शून्य, आणि मी ते खरं मानलं. ज्या बाईच्या लॅबमध्ये शून्यावर विश्वास ठेवायला बंदी आहे, त्या बाईनं.

आणि त्याहून वाईट म्हणजे थेंब पडला होता. मी मुद्दाम नाही टाकला, पण पडला. दीडेक महिन्यापूर्वी बोलता बोलता मी म्हणाले, आज आमच्या यंत्रानं लय जंतू मोजले बघ. सवयीनं म्हणाले. मग फोन जरा कानापासून लांब धरला, तुझा आवाज चढणार म्हणून. तू म्हणालास, "व्हय, असंल."

एवढंच. व्हय, असंल. तुला चुकीचं वाक्य ऐकून गप्प बसता आलं. आणि मला काय वाटलं, सांगू? मला वाटलं मी जिंकले. फोन ठेवला आणि ह्यांना म्हणाले, अहो, दादा हरला, एवढ्या वर्षांनी हरला. ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, बरे आहेत ना ते? मी म्हणाले, बरे आहेत, वय झालं, निवळले. त्या रात्री मी खुशीत जेवले. काडीवर थेंब पडला होता, आकडा हलला नव्हता, आणि मी पेढे वाटत होते.

त्यानंतर महिन्याभरात वहिनींचा फोन आला, पुण्याला दवाखान्यात या. तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तू मला बघितलंस आणि बोट वर करून त्या नळीकडं दाखवलंस, मग छातीकडं दाखवलंस. वहिनींना वाटलं दुखतंय. नर्सला वाटलं नळी काढायला सांगतायत. मला कळलं. तू मला आपल्या त्या बोलण्याची आठवण करून देत होतास, काजव्याच्या आतल्या दिव्यापर्यंत ऑक्सिजन कसा पोचतो त्याची. मी मान हलवली. बोलायला खूप होतं. तुझ्या पुस्तकांबद्दल, तुझ्या राहिलेल्या एमएस्सीबद्दल, आबांच्या आजारपणाबद्दल, माझ्या सगळ्या शिक्षणाबद्दल. मी म्हणाले, पाणी पाहिजे का? तू नको म्हणून मान हलवलीस. दुसऱ्या दिवशी तू गेलास.

ऐकायला तू नाहीस हे मला कळतं. पण बोलायचं राहिलं, म्हणून बोलते. मला घरात पहिल्यांदा कुणी प्रश्न विचारू दिला असेल तर तू. एका चिमुरडीच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही म्हणून तू रडलास आणि मग पुस्तकं धुंडाळून ते उत्तर आणून दिलंस. मी आज जी कोणी आहे ती त्या उत्तरावर उभी आहे. हे तुला समोर बसवून सांगितलं असतं तर तू विषय बदलला असतास, मला माहीत आहे. पण मी बदलू दिला नसता. निदान एकदा तरी.

काल त्या तीन नंबरच्या टाकीला शून्य आलं, तेव्हा हात धुऊन परत आले आणि मीच थेंब टाकला. पोरी म्हणाल्या, मॅडम, आम्ही करतो. मी नको म्हणाले. काडी यंत्रात ठेवली, झाकण लावलं. आकडा चढला. पत्र्यावर साधं पाणी मारलेलं होतं, काजवा जिता होता, शून्य खरं होतं, टाकी खरोखरच स्वच्छ होती. एवढं साधं आहे ते, दादा. एक थेंब, आणि थोडं थांबायचं.

संध्याकाळी वहिनींना फोन केला. तू गेल्यापासून रोज करते. शिरूरच्या त्या घरात आता त्या एकट्याच असतात. मी विचारलं, कशा आहात? "बरी हाय," त्या म्हणाल्या. जेवलात? "व्हय." रोज इथंच फोन संपतो. काल मी तो ठेवला नाही.

म्हणाले, "वहिनी, एक सांगू? दादाला मासवडी माझ्याच हातची आवडायची. तुमची त्याच्या घशाखाली उतरायची नाही."

मी डोळे मिटून उभी होते. तुला सांगते, त्या वेळी मला एकाच गोष्टीची भीती वाटत होती. त्या आता म्हणतील, व्हय, असंल. तसं म्हणाल्या असत्या तर मी त्याच पावली शिरूरला निघाले असते.

"कुणाची?" वहिनी म्हणाल्या. "तुमची? आवो वन्सं, तुमची ती वडी म्हंजी पिठाची लगदी. सारण हाय का त्यात कुठं? तुमच्याकडनं आले की रात्री माझ्यापाशी ओवा मागायचे. सांगत नव्हते तुमाला, वाईट वाटंल म्हणून." त्यांचा आवाज चढत गेला आणि चढता चढता फुटला. मग त्या रडल्या, दादा. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मांडवात त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं आणि बाया म्हणत होत्या, किती धीराची बाई. मीही रडले, आणि मधेच हसले, कारण तो ओवा.

रडून झाल्यावर त्यांनी विचारलं, रविवारी सुट्टी हाय का? मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, मग या, सारण मी करते, पीठ तुम्ही शिजवा, बघू कसं जमतंय. रविवारी न्हावऱ्यावरून जातेय. आणि दादा, ते यंत्र जंतू मोजत नाही. एटीपी मोजतं.